राखीव विमानाची रोजची दहा मिनिटं

मी विमानांची इंजिनं सांभाळतो, हे आमच्या गावात अजून कोणाला नीट पटलेलं नाही. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या भागात इंजिन म्हणजे बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी ओढायचं डिझेल इंजिन. ते बिघडलं की लोक मला फोन करतात आणि मी विमानाच्या इंजिनाचं सांगायला लागलो की म्हणतात, "तू विमान चालवतोस आन् सांगून नाही राहिला." मी नाद सोडला आहे.

गोंदियाच्या बाहेर धावपट्टीला लागून आमची विमान शिकवायची शाळा आहे. माझ्याकडे तेव्हा दोन विमानं होती. दोन्ही एकाच जातीची, चार माणसं बसतील अशी, नाकावर एकच इंजिन असलेली. दोन्ही इंजिनं एकाच कारखान्यातली आणि एकाच महिन्यात बसवलेली. पुढे त्यांच्यात जो फरक पडला तो माणसांनी पाडला. त्यात एक माणूस मीही होतो, म्हणून लिहितो आहे.

पहिलं विमान शिकवणाऱ्या मॅडमकडे होतं. मॅडम पन्नाशीच्या, बोलणं तोडून. सकाळी उजाडल्यापासून त्यांचं विमान वर-खाली करत असे. शिकणारी मुलं ते आपटत, वाकडं उतरवत, सीटवर चिवड्याचा कचरा करत. रंग उडालेला, सीटचं कापड फाटलेलं. पण इंजिनाच्या बाबतीत मॅडमचे काही नेम होते आणि त्यात त्या कोणाचं ऐकत नसत. ऑइल कोमट झाल्याशिवाय विमान जागचं हलवायचं नाही, मग आभाळ कितीही मोकळं असो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, ढकलताना मनात तीन आकडे मोजायचे, ओढतानाही तीन. उतरायला लागलं की जोर एकदम तोडायचा नाही, लांबूनच थोडा थोडा कमी करत यायचं. एका मुलाने वरून खाली येताना थ्रॉटल झटक्यात मागे ओढलं, तर उतरल्यावर मॅडमनी त्याला विचारलं, "घरी तापलेल्या तव्यावर गार पाणी ओततोस का?" तो म्हणाला, "घरी मी स्वयंपाक नाही करत मॅडम." मॅडम म्हणाल्या, "मग आजपासून कर."

दुसरं विमान राखीव होतं.

ते राखीव कशासाठी, हे सांगायला आमच्या मॅनेजर साहेबांपासून सुरुवात करावी लागेल. साहेब आमच्याकडे येण्याआधी गोंदियातच एक लग्नाचं लॉन सांभाळत. शाळेच्या मालकांच्या घरचं लग्न त्यांनी इतकं चोख पार पाडलं, की मालकांनी त्यांना विमानाची शाळा चालवायला बोलावलं. माणूस कष्टाळू आणि मनाचा चांगला. पण लॉनवर प्रत्येक गोष्टीचे दोन संच असतात, एक वापरायचा आणि एक पाहुण्यांचा, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. आल्या आल्या त्यांनी दोन विमानं पाहिली आणि एक बाजूला काढलं.

"हे व्हीआयपीसाठी," ते म्हणाले. "मोठे पाहुणे येणार, त्यांना वरून जिल्हा दाखवायचा. तोपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही, भाऊ."

मग त्यांनी मंडपवाल्याकडून त्या विमानासाठी मखमलीसारख्या कापडाची खोळ शिवून घेतली. गर्द लाल, खाली सोनेरी झालर, मंडपात नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे लावतात तशीच. शिंप्याने मापं घ्यायला दोन दिवस घेतले, कारण त्याने आधी कधी शेपटी शिवली नव्हती. सीटवरचं प्लास्टिक कायम राहिलं. हँगरच्या कोपऱ्यात ते विमान असं दिसायचं, की नवीन येणारं माणूस आधी आवाज हळू करायचं.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती दहा मिनिटांपासून.

साहेबांना कोणीतरी सांगितलं, की गाडी उभी राहिली की खराब होते, रोज चालू करावी. त्यांनी लगेच नियम काढला. रोज सकाळी साडेआठला राखीव विमानाची खोळ काढायची, बाहेर ढकलायचं, इंजिन दहा मिनिटं हळू चालवायचं, बंद करायचं, पुसायचं, खोळ घालायची. साहेब स्वतः घड्याळ घेऊन उभे राहत. पहिल्या दिवशी ते उदबत्ती घेऊन आले. मी त्यांना पेट्रोलची टाकी दाखवली, तेव्हापासून ते कुंपणापाशी उभे राहून लांबूनच ओवाळायचे. नाकावरच्या पंख्याला त्यांनी लिंबू-मिरची बांधली होती. पंखा फिरला की ती मिरची कोणाच्या तरी डोळ्यात जाईल म्हणून मी ती सोडून हँगरच्या दाराला लावली.

मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासमोर बसून सांगितलं. "साहेब, याला एकतर उडवा, नाहीतर पूर्ण झोपू द्या. हे मधलं नका करू."

"मधलं म्हणजे?"

"इंजिनात पेट्रोल जळलं की त्यातून पाण्याची वाफ होते. थोडी वाफ आत ऑइलमध्ये जाते. विमान तासभर उडालं तर ऑइल चांगलं तापतं आणि ते पाणी उडून जातं. दहा मिनिटांत ऑइल तापतच नाही. पाणी आतच राहतं. म्हणजे आपण रोज सकाळी आत थोडं पाणी घालून झाकण लावतोय. वरून आपल्याकडची हवा, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. आत गंज धरेल."

साहेबांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "झोपू द्या म्हणजे काय करायचं?"

"टिकवायचं वेगळं ऑइल भरायचं. ओल शोषणाऱ्या निळ्या गोळ्यांचे बूच सिलिंडरला लावायचे. ओल आली की गोळ्या गुलाबी होतात, तेव्हा बदलायच्या. आणि चालू करायचं नाही."

"चालूच केलं नाही तर चालू होतं की नाही हे कसं कळणार?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना आवडलं नाही. मी इंजिनाचं पुस्तक आणून त्यातलं पान दाखवलं. ते म्हणाले, "हे अमेरिकेचं आहे. तिथे थंडी वेगळी." आणि एक वही काढून दिली. तारीख, वेळ, मिनिटं, शेरा. खाली माझी सही.

पहिल्या दिवशी शेऱ्यात काय लिहावं मला कळेना. इंजिन चालू झालं होतं, आवाज नीट होता. मी लिहिलं, "समाधानकारक". दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. तिसऱ्या दिवसापासून हात आपोआप लिहायला लागला. चौदा महिने मी त्या वहीत समाधानकारक लिहीत राहिलो. मी कामचुकार नाही, पण त्या शब्दाची मला इतकी सवय झाली, की बाजाराच्या यादीवर बायकोने सही मागितली असती तर तिथेही लिहिलं असतं.

मॅडमनी मला एकदा टोकलं. "तुला पटत नाही तर सही का करतोस?"

"रोज कोण भांडेल मॅडम?"

"रोज नको. एकदाच भांड, पण लिहून." मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही.

याच काळात बाबा डोळे दाखवायला गोंदियाला आले. सौंदडला रेल्वेगाडीत बसून आले होते आणि मला म्हणाले, तुझं काम तरी पाहू दे. मी परवानगी काढून त्यांना हँगरमध्ये आणलं. बाबा आयुष्यभर शेतीच करत आलेले, फार बोलत नाहीत. लाल खोळीपाशी मात्र थांबले. साहेब धावत आले, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि काकाजी, काकाजी करत खोळीची झालर दाखवली.

"रोज चालू करतो आम्ही, काकाजी. दहा मिनिटं. तुमचा मुलगा नको म्हणतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कायले नोको म्हनून राहिला?"

"बाबा, आत पानी जमते."

"मीबी तं तसंच करतो," बाबा साहेबांना म्हणाले. "यानं मले मोटरसायकल घेऊन देल्ली. चिखलात खराब होते म्हणून मी नेत नाही. सायकलनं जातो. पर रोज सकारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो. काऊन खराब होईन? वापरतच नाही तं."

साहेबांनी बाबांचा हात हातात घेतला. इतक्या महिन्यांत त्यांना समजून घेणारा पहिला माणूस भेटला होता, आणि तो माझा बाप होता. दोघं अर्धा तास बसून बोलले. कव्हर कोणत्या कापडाचं असावं, उंदीर वायर कुरतडतात त्याला काय करावं, असल्या गोष्टी. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. जाताना साहेब मला म्हणाले, "भाऊ, घरात इतकी समज असताना तुम्ही पुस्तकं कशाला वाचता?"

पुढच्या सुटीत गावी गेलो तेव्हा मी मोटरसायकलचं ऑइल काढून पाहिलं. ताकासारखं झालं होतं. मी नवीन भरलं आणि बाबांना मागे बसवून आमच्याकडच्या प्रतापगडपर्यंत गाडी पळवली, चांगली तापेपर्यंत. बाबा सगळ्या वाटेने एकच बोलत होते, "डबक्यातून नोको नेऊ." तिथल्या दर्ग्यापाशी उतरल्यावर त्यांनी आधी गाडीचं चाक पुसलं आणि मग पाय धुतले. परत येताना मात्र ते स्वतः चालवतो म्हणाले आणि त्यांनी ती इतकी जोरात आणली, की मीच घाबरलो.

शेवटी पाहुणे येणार असं पक्कं कळलं. आधी चार वेळा ठरून रद्द झालं होतं आणि चारही वेळा हार वाळले होते. या वेळी तारीख पक्की होती. मी दोन दिवस आधी राखीव विमानाचं ऑइल बदलायला घेतलं. फिल्टर काढून कापायचा, आतली कागदाची घडी उलगडून पाहायची, ही आमची पद्धत आहे. इंजिनाच्या आत काय चाललं आहे ते त्या घडीत दिसतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पाण्याचे थेंब होते. घडी उलगडली तर चमकीसारखं काहीतरी सगळीकडे पसरलेलं. मी लोहचुंबक फिरवलं. सगळी चमकी चुंबकाला चिकटली. ते लोखंड होतं.

या इंजिनात वरच्या बाजूला एक लांब दांडा असतो, कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, ते फिरून झडपा उघडतात. विमान उभं राहिलं की त्या दांड्यावरचं ऑइल ओघळून खाली जातं आणि तो उघडा पडतो. आत पाणी असेल तर पहिला गंज त्याला. मग रोज सकाळी दहा मिनिटं तो गंजलेला दांडा घासला जात होता आणि मी समाधानकारक लिहीत होतो.

मी विमानाला लाल चिठ्ठी बांधली. उडवायचं नाही. साहेबांना सांगितलं तेव्हा ते खाली बसले.

"परवा पाहुणे."

"दुसरं विमान आहे की साहेब."

"त्या फाटक्यात? पाहुण्यांना?"

मॅडम म्हणाल्या, "फाटक्यात मी रोज जाते."

पण साहेबांनी ऐकलं नाही. पाहुणे आले त्या सकाळी त्यांनी मला एवढंच सांगितलं, "खोळ काढू नका." पाहुणे तीन गाड्यांसह आले. हँगरमध्ये लाल झालरीच्या आकृतीसमोर साहेबांनी त्यांना उभं केलं. नारळ फोडला. पाहुण्यांनी खोळीवरूनच विमानाच्या नाकाला हार घातला, दोन शब्द बोलले, जिल्ह्याच्या प्रगतीचं हे प्रतीक आहे म्हणाले, फोटो काढले आणि गाडीत बसून नागपूरकडे निघून गेले. आत काय आहे, ते उडतं का, आपल्याला वर नेणार होते त्याचं काय, एकानेही विचारलं नाही. मी खोळीच्या मागे लाल चिठ्ठी हातात धरून उभा होतो, कारण ती झालरीखालून दिसत होती.

मग चौकशी लागली. शाळेचे तीन संचालक, तिघंही कॉम्प्युटरच्या पडद्यावर. एकाचा आवाज यायचा पण चेहरा नाही, एकाचा चेहरा हलत नव्हता, तिसरे प्रवासात होते. साहेब आणि मी ऑफिसात खुर्च्यांवर. मॅडमही येऊन बसल्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"इंजिन किती तास उडालं?"

"नऊ तास, सर. तेही राखीव ठेवण्याआधीचे."

"फक्त नऊ? तरी खराब?"

"म्हणूनच खराब, सर."

मग प्रवासातले संचालक म्हणाले, "पण वहीत तर रोज समाधानकारक आहे. सही तुमचीच ना?"

साहेबांनी हुकूम दिला होता हे सांगता आलं असतं. पण ते बाजूलाच बसले होते, मान खाली घालून. आणि सही माझीच होती. "माझी आहे," मी म्हणालो. "इंजिन चालू झालं एवढंच मी पाहत होतो. हे चूक आहे असं तोंडी सांगितलं होतं, पण लिहून द्यायला पाहिजे होतं. ते दिलं नाही."

"मी सांगितलं म्हणून त्यांनी केलं," साहेब खालच्या आवाजात बोलले. ते असं काही म्हणतील हे मला अपेक्षित नव्हतं.

ज्यांचा चेहरा दिसत नव्हता त्यांनी आता हिशोब मांडला. नऊ तास उडालेल्या इंजिनाची ही गत, तर जे रोज उडतं त्याचं काय झालं असेल? मॅडमच्या विमानाचं इंजिन दोन हजार तासांना उतरवून पूर्ण उघडायचं असतं आणि ते त्याच्या जवळ पोचत आलं होतं. त्यांनी हुकूम दिला, तेही आत्ताच उघडून पाहा. मॅडम म्हणाल्या, "चांगल्या माणसाचं पोट फाडून बघायचं?" पण हुकूम हुकूम होता.

दोन्ही इंजिनांचा एकेक सिलिंडर मी काढला. राखीव विमानाचा कॅम खडबडीत, उंचवट्यांना खड्डे पडलेले. मॅडमच्या विमानाचा कॅम आरशासारखा. मी फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, फोटोंची अदलाबदल झालेली दिसते, नीट पाठवा. मी पुन्हा पाठवले. उत्तर आलं, कोणता फोटो कोणत्या विमानाचा याचा पुरावा काय? मग साहेबांना आजचा पेपर घेऊन प्रत्येक इंजिनाशेजारी उभं राहावं लागलं. ते पेपर छातीशी धरून उभे, मागे उघडं इंजिन, आणि मी फोटो काढतोय. मॅडमच्या विमानापाशी आल्यावर ते म्हणाले, "थांबा, मला बघू द्या." पेपर माझ्याकडे दिला, वाकले, आत टॉर्च मारली. बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या विमानापाशी जाऊन तिथेही पाहिलं.

"मी याला रोज हात जोडले, भाऊ," ते म्हणाले.

"हो साहेब."

"आणि त्या पोट्ट्यांनी त्याला आपटलं."

"चाकांना आपटलं. इंजिनाला मॅडमनी आपटू नाही दिलं. आणि ते रोज तापून सुकत होतं."

त्या दुपारी साहेबांनी खोळीची घडी स्वतः घातली. मंडपवाल्याने ती परत घेतली नाही, कारण शेपटीच्या जागी जे भोक होतं ते कोणत्याच लग्नात बसत नव्हतं.

राखीव विमानाचं इंजिन दुसऱ्या शहरात दुरुस्तीला गेलं आणि काही महिन्यांनी परत आलं. अशा नव्याने बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीला लाडात ठेवायचं नसतं. पहिले तास जोरातच उडवावं लागतं, तेव्हाच आतले भाग एकमेकांना नीट बसतात. मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, फक्त डोळे मिटले. पहिली फेरी मॅडमनी एकट्याने मारली. बऱ्याच फेऱ्यांनंतर, सगळं सुरळीत आहे अशी माझी आणि त्यांची खात्री झाल्यावर, एका सकाळी मॅडम साहेबांना म्हणाल्या, "चला, मागे बसा."

साहेब विमानाच्या शाळेचे दोन वर्षं मॅनेजर होते आणि विमानात कधी बसले नव्हते. कधीच नाही, कुठल्याच. हे त्यांनी पायरीवर पाय ठेवल्यावर सांगितलं. मी पुढे मॅडमच्या शेजारी बसलो. साहेबांनी पट्टा इतका घट्ट आवळला की मला तो सैल करावा लागला. मॅडम ऑइल तापायची वाट पाहत थांबल्या. साहेबांनी विचारलं, "का थांबलो?" मॅडम म्हणाल्या, "त्याच्यासाठी," आणि बोटाने इंजिन दाखवलं.

आम्ही वर गेलो. खाली बांध्या, तळी, मालगाडी. साहेबांनी सुरुवातीला माझ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. मग एक हात सुटला. मग ते खिडकीला चिकटले. मॅडमनी जोर वाढवला तेव्हा ते ओरडतील असं मला वाटलं. ते खाली मालगाडीचे डबे मोजत होते. उतरल्यावर ते मला म्हणाले, "वर गेल्यावर पोट रिकामं वाटतं, असं कोणी सांगितलं नव्हतं." मी म्हणालो, नाश्ता करून घ्या.

आता दोन्ही विमानं रोज उडतात. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने ते दुसरं, एके काळचं राखीव, हँगरमध्ये आणताना पंखाचं टोक दाराला घासलं. हातभर ओरखडा. ती रडत होती. साहेब आले, ओरखड्यावरून बोट फिरवलं, मला विचारलं, "याने उडायला काही अडतं का?"

मी पंख सगळा तपासला होता. "नाही साहेब. फक्त रंग गेला."

"मग रंग सुटीत लावू," ते म्हणाले, आणि त्या मुलीसाठी चहा सांगायला गेले.